डावं-उजवं

माझ्या धंद्यात डावं-उजवं करावंच लागतं.
कुतैसीत टायरवाल्याच्या दुकानाखालचं तळघर,
भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या,
दोन स्पीकर, आणि त्यांच्या बरोबर मधे
खडूनं आखलेली रेघ.
दिवसभर माझं नाक त्या रेघेवर.
एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देणं
मला परवडत नाही.

मकवालाचा आवाज एकच होता.
हवे होते दोन.
धाकटी त्सियाला इटलीत, बारीला.
कुणाच्या तरी आईला भरवते, कूस बदलून देते.
फोनवर म्हणाली, गाण्याएवढा वेळ असतो गं,
गाण्याएवढी खोली नसते,
भिंतीपलीकडे म्हातारी झोपलेली असते.

मग मीच एकीच्या दोन केल्या.
मकवालाची नक्कल काढली,
अस्सल डावीकडे, नक्कल उजवीकडे,
आणि नकलेची लाट उलटी केली,
डोंगर तिथे दरी, दरी तिथे डोंगर.
हेडफोन लावले तर काय!
आवाज कानांच्याही बाहेर जाऊन उभा,
जणू खोलीच्या भिंती कुणी ढकलून दिल्या.
तिच्यामागे थोडी घुमारी सोडली, दगडी देवळात असते तशी.
रात्री दोन वाजता स्वतःवरच खूश होऊन झोपले.

सकाळी ओतारच्या भट्टीवर गेले.
त्याचा रेडिओ पिठानं पांढरा, स्पीकर एकच.
फोन जोडला.
पांदुरी वाजली, खणखणीत.
डफ वाजला.
आणि गाण्याच्या जागी
नुसता ओलावा,
कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा.
ओतार म्हणाला, "वाजवणारा चांगला आहे. गाणार कधी?"

डावं अधिक उजवं, हातात शून्य.
डोंगर नेमका दरीत जाऊन बसला होता.

पुढच्या गुरुवारी मकवाला पुन्हा आली,
दोन बस बदलून, पिशवीत माझ्यासाठी अक्रोड.
"पुन्हा गा."
"तेच?"
"तेच. पहिलं ऐकू नकोस."
ती गायली.
श्वास भलत्याच जागी घेतला,
तिसऱ्या ओळीला शब्द शोधत राहिली,
खुर्ची कुरकुरली.
पहिली मकवाला डावीकडे नेऊन बसवली,
दुसरी उजवीकडे.
पांदुरी, डफ, सगळा खर्ज मधे ओढला, अंग चोरून बसवला.
सगळंच पसरलं तर काहीच रुंद राहत नाही,
हे कळायला मला अकरा वर्षं लागली,
आणि एक नवरा.

पुलावर उभं राहिलं की रिओनी तशी अरुंदच,
दगडांतून उड्या मारत जाते.
पलीकडच्या काठावर कुणी चादर झटकतं,
फटका जरा उशिरानं ऐकू येतो,
तेवढी ती रुंद.

मकवालाला खडूच्या रेघेवर बसवलं.
ऐकताना तिनं डोळे मिटले नाहीत,
एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे,
पंगतीत वाढताना पाहतात तसं.
मग उजव्या स्पीकरकडे बोट:
"ही मागे पडते. तिसऱ्या ओळीला."
"सरकवते पुढे. केसभर काम आहे."
"नको."
अक्रोडाचं कवच नखानं टोकरत राहिली.
"त्सियाला अशीच यायची. उशिरा.
आई चिमटा काढायची, तरी उशिराच."

काल पुन्हा ओतारकडे लावलं.
एकाच स्पीकरमध्ये दोघी दाटीवाटीनं,
खांद्याला खांदा लागलेला,
पण दोघीही होत्या.
ओतार भट्टीत कमरेपर्यंत वाकलेला,
आतल्या भिंतीवर पाव चिकटवत होता,
होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते.
कोपर भाजलं, शिवी दिली,
बाहेर येऊन विचारलं,
"किती जणी आहेत?"

मी सुटे पैसे मोजत होते.
म्हटलं, आधी पाव दे.